सेन्सरखाली दरवेळी खाज, चट्टा, फोड: आधी डागाचा आकार बघा, मग उपाय

शुगरचा सेन्सर (कातडीला चिकटवून ठेवायचं, सतत शुगर मोजणारं छोटं यंत्र) लावला की दोन-चार दिवसांत खाली खाज सुटते, काढला की त्याच आकाराचा लाल चट्टा, कधी बारीक फोड, कधी कातडी सोललेली, आणि पुढचा सेन्सर लावला की परत तेच सगळं. यावर विचारलं की दहा जण दहा उपाय सांगतात, कोणी म्हणतं बॅरियर वाइप लाव, कोणी म्हणतं नाकाचा स्प्रे मार, कोणी म्हणतं खाली जाड पट्टी लाव, आणि गंमत म्हणजे सगळेच खरं बोलत असतात, पण आपापल्या कातडीपुरतं. कारण 'सेन्सरची रिॲक्शन' या एकाच नावाखाली निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी खपून जातात आणि एकीचा उपाय दुसरीला चालत नाही, काही वेळा उलट वाढवतो. म्हणून आधी आपलं नेमकं काय होतंय ते ठरवा, मग सामान आणा.

सेन्सर निघाला की लगेच धुवायच्या-चोळायच्या भानगडीत पडू नका, चांगल्या उजेडात त्या जागेचा फोटो काढा. मग दुसऱ्या दिवशी एक आणि तीन-चार दिवसांनी अजून एक. डॉक्टरांना दाखवायलाही हे फोटो लागतात, कारण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत सगळं बरं झालेलं असतं आणि मग 'इथे होतं हो लाल' असं बोटाने दाखवत बसावं लागतं.

आता फोटोत बघायचं काय, तर डागाचा आकार. अगदी मधोमध जिथे सेन्सरची बारीक तार कातडीत गेली तिथेच ठिपका आणि भोवती थोडं लाल, बाकी सगळं स्वच्छ, तर ती टोचल्याची जखम आहे, गोंदाचा काही संबंध नाही. पॅचच्या, म्हणजे सेन्सरच्या चिकट टेपच्या, कडेकडेने ओळीत पाण्याचे फोड आणि मधली कातडी ठीकठाक, तर बहुतेक पॅच ताणून लावला गेलाय, टेप परत आक्रसायला बघतो आणि कडेची कातडी सोबत ओढतो, त्याचे ते फोड. सेन्सरच्या खाली काही नाही पण बाहेरून गोल कडं उठलंय, तर सेन्सरला शिव्या देऊ नका, सेन्सर सुटू नये म्हणून वरून जो जास्तीचा टेप, म्हणजे ओव्हरपॅच, लावता तो गुन्हेगार आहे. (हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. महागडे सेन्सर बदलत बसतात आणि ओव्हरपॅच तोच.) कातडी पांढरट, सुरकुतलेली आणि बारीक पुरळ, तर घाम कोंडलाय. पूर्ण पॅचच्या आकाराची फिकट लाली, कडा अगदी रेघ मारल्यासारखी, चुरचुरतं पण खाज फार नाही आणि काढल्यावर एक-दोन दिवसांत उतरतं, तर ते साधं इरिटेशन, म्हणजे कातडी चिडलीये. आणि खाज अशी की रात्री झोपेतून उठवते, चट्टा जाड आणि उंच, त्यावर बारीक फोड, लस गळते, लाली पॅचची हद्द ओलांडून बाहेर गेलेली, सेन्सर काढल्यावर कमी व्हायच्या ऐवजी अजून चढते आणि आठवडा-दोन आठवडे रेंगाळते, तर ॲलर्जी धरूनच चाला.

रंग सावळा असेल तर 'लाल' शोधत बसू नका, तिथे ते जांभळट किंवा काळपट दिसतं आणि फोटोत कधी दिसतच नाही. बोट फिरवून बघा, उंचवटा आणि गरमपणा हाताला कळतो.

इरिटेशन आणि ॲलर्जी यातला फरक नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इरिटेशन कोणालाही होऊ शकतं, कातडीचा वरचा थर दरवेळी टेपबरोबर थोडा निघतो, वर घाम, स्पिरिट, ओढाताण, आणि ती बिचारी थकते. जागा बदलली, आराम दिला, काढायची पद्धत सुधारली की बरंचसं सुटतं. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती एका ठरावीक रसायनाला ओळखायला शिकलेली असते, आणि एकदा शिकली की सहसा विसरत नाही. ही उशिरा येणारी ॲलर्जी आहे, लावल्या लावल्या नाही, साधारण दोन-तीन दिवसांनी जागी होते. 'मी तर कित्येक महिने हाच सेन्सर लावतोय, आता कशी ॲलर्जी होईल' असं सगळेच म्हणतात, पण ती अशीच होते, परत परत त्याच रसायनाशी संबंध येऊन. त्यामुळे ओळखायची सगळ्यात चांगली खूण ही की दरवेळी लवकर सुरू होतंय का आणि दरवेळी जास्त होतंय का. पहिल्यांदा शेवटी शेवटी खाज, नंतरच्या वेळी मधेच, मग दोन दिवसांत फोड, असं चाललं असेल तर 'सवय होईल' म्हणून रेटू नका. सवय होत नाही, वाढतच जातं.

आता थोडं गोंदाबद्दल, कारण इथे एक गोष्ट आहे जी कळली की बरेच फसलेले उपाय का फसले ते कळतं. 2017 मध्ये बेल्जियममधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर वापरणाऱ्या पेशंटमधल्या ॲलर्जीमागे आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नावाचं रसायन असल्याचं दाखवलं. नंतर दुसऱ्या काही सेन्सरमध्ये आणि इन्सुलिन पंपांमध्येही ते सापडलं, आणि 2020 मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस सोसायटीने त्याला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं. मजा अशी की हे मुळात कातडीला चिकटणाऱ्या टेपमधलं नव्हतंच, प्लास्टिकचे भाग जोडायच्या गोंदातलं होतं आणि तिथून झिरपत झिरपत खालच्या टेपमध्ये उतरत होतं. म्हणजे तुम्ही नुसता तसलाच टेप हातावर लावून बघितला आणि काही झालं नाही, तरी सेन्सरने होऊ शकतं. लिब्रेच्या नंतरच्या सेन्सरमधून ते काढलं गेलं, त्यामुळे जुन्या पेशंटचे अनुभव वाचून आत्ताच्या सेन्सरबद्दल मत बनवू नका, आणि उलटंही खरं, कंपनीने गोंद बदलला की इतकी वर्षं न झालेलं अचानक सुरू होऊ शकतं. खोक्यावर सगळ्या घटकांची यादी नसते. 'हायपोॲलर्जेनिक' लिहिलंय म्हणजे तुम्हाला होणार नाही असंही नाही, त्या शब्दाचा अर्थ इतकाच की कमी जणांना होतं असं बनवणाऱ्याचं म्हणणं आहे.

बरं, इरिटेशन निघालं तर काय करायचं. अर्धं काम लावण्याच्या आधी आहे आणि अर्धं काढताना.

लावण्याआधी साध्या साबणाने धुवा, वास असलेला, मॉइश्चरायझर असलेला साबण नको, त्याचा थर राहतो. मग स्पिरिटचा स्वॅब आणि मग थांबा. पूर्ण सुकू द्या, फुंकर मारून नाही, आपोआप. ओल्या स्पिरिटवर पॅच बसला की तो खाली अडकून कातडीला जाळत राहतो आणि चिकटतही नीट नाही, मग सुटू नये म्हणून तुम्ही वरून अजून एक टेप लावता आणि त्या टेपने वेगळाच त्रास. केस असतील तर ट्रिमरने कापा, ब्लेड मारायचंच असेल तर आदल्या दिवशी मारा, ताज्या शेव्हिंगच्या न दिसणाऱ्या चिरांवर गोंद म्हणजे त्रास मागून घेणं. लावताना हात सैल ठेवा, कातडी ताणून धरू नका. ओव्हरपॅच लावायचा तर मधला भाग आधी टेकवा आणि कडा नुसत्या खाली सोडा, ओढून बसवू नका. टेप स्वतः कापत असाल तर कोपरे गोल करा, टोकदार कोपरे कपड्यात अडकून उचलले जातात आणि मग दिवसभर तेवढीच जागा खेचली जाते. लावून झाल्यावर तळहाताने मिनिटभर दाबून धरा, हे गोंद दाबाने आणि उबेने पकडतात.

जागा दरवेळी बदला, पण फक्त उजवा-डावा दंड करून भागत नाही, त्याच दंडावर वर-खाली-बाजूला सरकवायचं. ज्या जागेवर अजून डाग किंवा खरखरीतपणा आहे तिथे नको म्हणजे नको. कातडीला वरचा थर नव्याने भरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे कुठे कधी लावला ते फोनमध्ये नोंदवून ठेवलं तर बरं. कंपनीने ज्या जागा सांगितल्यात त्या सोडून भलतीकडे लावायचा असेल तर रीडिंगवर डोळे झाकून विश्वास नको.

आता काढणं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण सेन्सर संपलेला असतो, दुसरा लावायची घाई असते आणि आपण एका झटक्यात फर्रकन ओढतो. तसं नको. कडेला बेबी ऑइल किंवा सिलिकॉनचा ॲडहेसिव्ह रिमूव्हर लावा आणि काही मिनिटं विसरून जा. मग एक कोपरा उचला, दुसऱ्या हाताच्या बोटाने लगतची कातडी खाली दाबून धरा आणि टेप वर न ओढता मागे दुमडत, कातडीला जवळजवळ समांतर ठेवून, हळूहळू सोलत जा, केसांच्या दिशेने. जिथे अडेल तिथे अजून तेल. बोट टेपच्या मागे मागे सरकत राहिलं पाहिजे, म्हणजे ओढ टेपला बसते, कातडीला नाही. उरलेला गोंद नखाने खरवडू नका, तेलाने परत भिजवून कापसाने पुसा, थोडा राहिला तर राहू द्या, दोन आंघोळींत जातो.

घामासाठी जास्त काही लिहीत नाही. लावण्याआधी अंग थंड होऊ द्या, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर किंवा व्यायामानंतर लगेच लावू नका. काही जण आधी बिनवासाचा अँटिपर्स्पिरंट फासतात आणि सुकल्यावर लावतात, चालतं काहींना. वर हवाबंद प्लास्टिक फिल्म लावत असाल तर आधी ती बंद करून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने निम्मं जातं.

ॲलर्जी असेल तर मात्र वरचं सगळं करूनही ती राहणार, कारण तिथे प्रश्न रसायनाचा आहे. उपाय एकच, ते रसायन आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी घालायचं, नाहीतर ते रसायन नसलेला सेन्सर शोधायचा.

मध्ये घालायच्या वस्तू दोन प्रकारच्या. एक पातळ, म्हणजे बॅरियर फिल्मचे वाइप किंवा स्प्रे, कॅव्हिलॉन वगैरे, हे सुकून एक झिल्ली तयार होते. इरिटेशनला हे मस्त काम करतं कारण टेपबरोबर कातडीचा थर जायच्या ऐवजी ती झिल्ली जाते. खऱ्या ॲलर्जीत मात्र एवढ्या पातळ थराने रसायन अडेलच असं नाही. इथेच लोकांची फसगत होते, एकाला वाइपने जादू झाली आणि दुसऱ्याला काहीच फरक नाही, कारण दोघांचा आजारच वेगळा. वाइप घेताना 'नो स्टिंग' म्हणजे अल्कोहोल नसलेला बघा, आणि चिकटपणा वाढवणारे वाइप वेगळे असतात हे लक्षात ठेवा, नावं आणि पाकिटं सारखीच दिसतात पण काम उलटं. टिंक्चर बेंझॉइनपासून तर लांबच राहा, त्याचीच ॲलर्जी होणारे लोक आहेत.

दुसरा प्रकार जाड, हायड्रोकोलॉइडची पट्टी, जी जखमांवर किंवा टाचेच्या फोडांवर लावतात ती. ॲलर्जीत याचा उपयोग जास्त होतो. पातळ जातीची घ्या, सेन्सरच्या पॅचपेक्षा सगळीकडून बोटभर मोठी कापा, कोपरे गोल, स्वच्छ कोरड्या जागी लावून तळहाताने गरम करा, आणि थोड्या वेळाने त्यावर सेन्सर. तार जाईल तिथे भोक ठेवायचं की पट्टीतूनच आरपार टोचायचं यावर लोकांमध्ये दोन तट आहेत. भोक ठेवलं तर तार स्वच्छ जाते पण तेवढ्या जागेत सेन्सरचा तळ कातडीला लागू शकतो, म्हणून भोक अगदी लहान आणि बरोबर मध्यावर हवं. आरपार टोचलं तर पूर्ण आडोसा मिळतो पण पट्टीचा चिकट अंश सुईबरोबर आत जायची शक्यता आणि सेन्सर नीट न बसायचीही. मला भोकवाला प्रकार बरा वाटतो. दोन्हीत एक गोष्ट विसरू नका, तार फक्त साधारण अर्धा सेंटीमीटर आत जाते, तुम्ही खाली जाडी घातली की तेवढी खोली कमी झाली. त्यामुळे जाड हायड्रोकोलॉइडचे थरावर थर चढवले की सेन्सर एरर देतो, रीडिंग खाली दाखवतो किंवा तार बाहेरच येते. कंपन्या साधारणपणे खाली काही लावायला सांगत नाहीत, म्हणजे हे आपल्या जबाबदारीवर, आणि म्हणून पहिले एक-दोन दिवस ग्लुकोमीटरवर बोट टोचून ताळा करायचाच, खासकरून इन्सुलिन घेत असाल तर. सेन्सरच्या आकड्यावर डोस ठरवता आणि आकडाच चुकीचा, हे खाजेपेक्षा कितीतरी वाईट.

हायड्रोकोलॉइड लावण्याआधी नुसता त्याचा तुकडा सेन्सरशिवाय दुसऱ्या जागी तीन-चार दिवस लावून बघा. तोच नियम प्रत्येक नव्या वाइपला, टेपला, ओव्हरपॅचला. कारण यातल्या काहींची वेगळी ॲलर्जी असू शकते, मग एकावर दुसरं चढवून कोण काय करतंय तेच कळत नाही.

नाकाच्या फ्लुटिकासोन स्प्रेबद्दल सारखं विचारलं जातं. हो, काही डॉक्टर सुचवतात, लावायच्या जागेवर फवारायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग सेन्सर. त्यातल्या स्टिरॉइडमुळे रिॲक्शन दबते. पण हे त्या औषधाच्या लेबलवरचं काम नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून. त्यात बेंझाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, तेही काहींना चावतं. आणि महिनोनमहिने त्याच त्या जागांवर स्टिरॉइड मारत राहिलं तर कातडी पातळ होते. स्टिरॉइडचं मलम मात्र सेन्सरखाली लावू नका, तेलकट असतं, सेन्सर टिकणारच नाही. सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी खाज थोडी सुसह्य होते, झोप लागते, पण हा ॲलर्जीचा प्रकार वेगळा असल्याने त्या चट्टा थांबवत नाहीत. गोळी घेऊनही फोड आले म्हणजे ॲलर्जी नाही असा निष्कर्ष काढू नका.

इतकं सगळं करूनही होतंय तर पॅच टेस्ट करून घ्या, त्वचारोगतज्ज्ञ करतात. पाठीवर छोट्या चकत्यांत वेगवेगळी रसायनं लावून साधारण 48 तास ठेवतात, मग काढून बघतात आणि नंतर परत एक-दोनदा बघतात कारण काही उशिरा उठतात. इथे एक सांगायचं राहू नये, नेहमीच्या सेटमध्ये सेन्सरवाली ॲक्रिलेटं असतीलच असं नाही, म्हणून आधीच फोन करून 'ग्लुकोज सेन्सरसाठी करायचीये, आयसोबॉर्निल ॲक्रिलेट आहे का' असं स्पष्ट विचारा. वापरलेला सेन्सर, ओव्हरपॅच, वाइपचं पाकीट, सगळं पिशवीत घालून घेऊन जा. पाठीवर स्टिरॉइड मलम लावत असाल किंवा पोटात स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगा, टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. नेमकं रसायन कळलं की कोणता सेन्सर चालेल हे अंदाजाने नाही, विचारून ठरवता येतं, कंपनीला नाव घेऊन विचारलं की उत्तर मिळायची शक्यताही जास्त.

उठलेल्या चट्ट्याचं काय करायचं? साध्या पाण्याने धुवा, थंड ओलं फडकं ठेवा, व्हॅसलिन किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, खाजवू नका. खाज फार असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस चालतं, त्याहून जोरदार स्टिरॉइड डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. घरात पडलेलं तीन-तीन औषधं एकत्र असलेलं क्रीम तर नकोच, आणि निओमायसिन असलेली मलमं सुद्धा नको, निओमायसिनचीच ॲलर्जी पुष्कळांना असते आणि मग बऱ्या होत आलेल्या जागी नवीन आग. नंतर काळा डाग राहतो, तो काही महिन्यांत फिकट होतो, त्याला घासू नका. पू, वाढत जाणारी लाली, दुखणं, जागा गरम लागणं, ताप, यातलं काही असेल तर इन्फेक्शन समजून लगेच दाखवा, शुगर जास्त राहत असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका. खूप फोड आणि लस गळत असेल तर सेन्सरचे दिवस उरलेत म्हणून तो ठेवू नका, काढा आणि तोपर्यंत ग्लुकोमीटर वापरा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. साबण, वाइप, पट्टी, ओव्हरपॅच सगळं एकदम बदललं आणि बरं वाटलं तर कशाने ते कळणार नाही, आणि परत झालं तरी कळणार नाही. सुरुवात कमीत कमी सामानाने, म्हणजे नुसतं साबण-पाणी आणि सेन्सर, वर-खाली काही नाही. तेवढ्याने त्रास झाला तरच पुढची पायरी.

सेन्सरचं खोकं फेकण्याआधी लॉट नंबरचा फोटो काढा आणि कंपनीला रिॲक्शन कळवा, नुसतं 'रॅश आला' नाही, कितव्या दिवशी, कुठल्या आकाराचा, फोटोसकट. फोड येऊन मुदतीआधी काढावा लागला असेल तर बदली सेन्सर मागायला लाजू नका. आणि कुठलाच चिकटणारा सेन्सर चालत नाही अशा लोकांसाठी एव्हरसेन्स नावाचा कातडीखाली बसवायचा सेन्सर आहे, तो डॉक्टर छोटा छेद देऊन बसवतात, वरचा ट्रान्समीटर (रीडिंग फोनला पाठवणारा भाग) सिलिकॉनच्या सौम्य टेपने चिकटतो आणि तो टेप रोज बदलायचा असतो, म्हणजे एकाच गोंदाखाली सलग दहा-चौदा दिवस कातडी दाबून ठेवायची गरज पडत नाही. तो सगळीकडे मिळत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारून बघा.